ईमेल अटॅचमेंटचा साठा

मेलबरोबर आलेल्या आणि काम झाल्यावरही घरच्या संगणकावर पडून राहिलेल्या फाइलींचा साठा. तो आवरणे वाटते त्यापेक्षा किचकट असते, कारण एकच अटॅचमेंट संगणकावर बहुधा एकाहून अधिक ठिकाणी असते. समोर दिसणारी प्रत डिलीट केली तरी जागा मोकळी होईलच असे नाही.

मेल मुळात साध्या मजकुरासाठी होता. त्यातून फाइल पाठवण्याची सर्वमान्य पद्धत ‘माइम’ या मानकाने घालून दिली. नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी तयार केलेले हे मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात फाइलीचे ‘बेस-६४’ पद्धतीने अक्षरांत रूपांतर होते. दर तीन बाइटांमागे चार अक्षरे लागत असल्याने ९ एमबीचा फोटो मेलमध्ये १२ एमबीच्या वर जातो. अनेक मेल प्रोग्रॅम तो याच फुगलेल्या रूपात डिस्कवर ठेवतात. सेव्ह केलेली प्रत डाउनलोड्स फोल्डरमध्ये वेगळी असते, आणि फाइल फॉरवर्ड केली असेल तर पाठवलेल्या मेलमध्ये तिसरी.

मेलमधून थेट उघडलेल्या फाइलीची आणखी एक तात्पुरती प्रत तयार होते. विंडोजवरचा क्लासिक आउटलुक हा मेल प्रोग्रॅम ती ‘कंटेंट डॉट आउटलुक’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. अशा प्रतीत केलेले बदल मूळ मेलमध्ये जात नाहीत, म्हणून तात्पुरते फोल्डर रिकामे करण्याआधी त्यात आपले काही काम अडकलेले नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये साधारणपणे एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच मोठ्या फाइलीत सलग लिहिलेले असतात. मेल डिलीट केला की त्यावर फक्त खूण होते, मजकूर तिथेच राहतो. ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच ती फाइल नव्याने लिहिली जाते आणि जागा सुटते. याच रचनेमुळे एक मोठा धोकाही आहे: अँटिव्हायरसला एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला, तर तो त्या मेलऐवजी अख्खा इनबॉक्सच क्वारंटाइन करू शकतो, म्हणजे उघडता येणार नाही असा बाजूला काढून ठेवू शकतो. युडोरा या जुन्या प्रोग्रॅमची तऱ्हा उलटी होती. तो अटॅचमेंट वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवत असे, त्यामुळे मेल गेला तरी फाइल मागे राहू शके.

सुरुवात मेल आकारानुसार लावून करावी. सहीखालचे छोटे लोगो संख्येने कितीही असले तरी त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. जागा व्हिडिओ, फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रे खातात. हवी ती फाइल आधी बाहेर सेव्ह करावी, ती उघडते का हे पाहावे, ‘स्कॅन००१’सारखे नाव बदलून पाठवणारा आणि तारीख कळेल असे द्यावे, आणि मगच मेलमधून काढावी. थंडरबर्डमधील ‘डिटॅच’ फाइल बाहेर काढते आणि मेलचा मजकूर राखते. आयमॅप खात्यात (यात संगणकावरचे आणि सर्व्हरवरचे मेल एकमेकांशी जुळते ठेवले जातात) मात्र ही फाइल सर्व्हरवरच्या मेलमधूनही जाते. पॉप-३ या मेल संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीने उतरवून सर्व्हरवरून काढलेल्या मेलची तर संगणकावरचीच प्रत एकमेव असू शकते. तिथे बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नये.

अनोळखी फाइल ‘आहे तरी काय’ म्हणून उघडून पाहू नये. मे २००० मध्ये पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसच्या फाइलीचे नाव ‘टीएक्सटी’ने संपल्यासारखे दिसे; पुढचे ‘व्हीबीएस’ हे खरे एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी येणारी, फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे) विंडोज लपवत असे. पडून असलेली अशी फाइल न उघडता डिलीट करता येते.

डिजिटल सही असलेल्या मेलमधून अटॅचमेंट काढली की सहीची पडताळणी फसते, कारण सही अटॅचमेंटसकट संपूर्ण मजकुरावर असते. करार किंवा तक्रार यांसारख्या पुराव्याच्या कामी येणाऱ्या बाबतीत मेल अटॅचमेंटसकट जसाच्या तसा वेगळ्या डिस्कवर ठेवतात.