टोकियोची रात्र आणि शेवटची गाडी

टोकियोत रात्री भटकायला निघालेला पाहुणा हमखास चक्रावतो. साडेअकरा-बाराच्या सुमारास खच्चून भरलेला बार बघता बघता रिकामा होतो, आणि जे मागे उरतात ते मात्र पहाटे पाचपर्यंत जागचे हलत नाहीत. शेवटची लोकल चुकवलेल्या मुंबईकराला याचं कारण सांगायला नको. साधारण एक ते साडेचार या वेळात गाड्या बंद असतात, रुळांची देखभाल तेव्हाच चालते, आणि टॅक्सीचं भाडं ऐकून नशा उतरते. गाडी चुकलेल्यांच्या जिवावर एक अख्खा धंदा उभा राहिला: रात्रभर चालणाऱ्या कराओकेच्या खोल्या, एक माणूस जेमतेम झोपेल एवढ्या कप्प्यांची कॅप्सूल हॉटेलं. पहिलं कॅप्सूल हॉटेल मात्र ओसाकातलं, १९७९ सालचं. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा.

हे बदलायचा प्रयत्न झाला. डिसेंबर २०१३ मध्ये महानगर सरकारने शुक्रवारी रात्री रोप्पोंगी ते शिबुया बस चालवून पाहिली. पण ही दोन्ही मौजमजेचीच ठिकाणं, चालत पाऊण तासावरची. लोकांना जायचं होतं उपनगरातल्या घरी! वर्ष भरायच्या आत बस बंद पडली. २०२१ मध्ये तर जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने शेवटच्या गाड्या सुमारे अर्धा तास अलीकडे आणल्या.

दुसरी गंमत कायद्याची. युद्धानंतर नृत्यगृहांच्या आडून वेश्याव्यवसाय चालतो या समजुतीतून १९४८ चा कायदा आला. गिऱ्हाइकांना नाचू द्यायचं तर परवाना हवा, आणि परवाना घेतला तर मध्यरात्री, फार तर एक वाजता, बंद करायचं. अनेक दशकं पोलिसांनी काणाडोळा केला आणि क्लब पहाटेपर्यंत चालले. २०१० मध्ये ओसाकात क्लबबाहेरच्या मारामारीत एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि धाडी सुरू झाल्या. क्लबांत ‘नाचू नये’ अशा पाट्या लागल्या; संगीत मात्र चालू! ओसाकातल्याच एका क्लबमालकावर खटला भरला गेला. २०१४ मध्ये तो निर्दोष सुटला. तोवर कायद्याची पुरती शोभा झाली होती. २०१५ ची दुरुस्ती जून २०१६ पासून लागू झाली: दहा लक्सपेक्षा जास्त उजेड ठेवा, परवाना घ्या आणि रात्रभर नाचू द्या. लक्स हे उजेडाचं माप; दहा लक्स म्हणजे चित्रपटगृहात मध्यंतराला असतो तेवढा उजेड. नैतिकतेचा प्रश्न शेवटी दिव्यांवर मिटला, हे मला फार जपानी वाटतं.

टोकियोतल्याच शिंजुकू या भागाची कथा याहून जुन्या राखेतून सुरू होते. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग जळाला. तिथे काबुकी या पारंपरिक जपानी नाटकाचं नाट्यगृह बांधून सभ्य करमणुकीची वस्ती वसवायची, असा स्थानिक पुढाऱ्यांचा बेत होता. १९४८ मध्ये वस्तीला काबुकिचो हे नाव मिळालं. नाट्यगृह काही झालं नाही. आज तिथे नियॉनच्या पाट्या आहेत आणि एका इमारतीवरून गॉडझिलाचं डोकं डोकावतं.

जवळच गोल्डन गाई ही चिमुकल्या बारांची वस्ती आहे. स्टेशनसमोरच्या काळ्याबाजारातल्या टपऱ्या १९५० च्या आसपास हटवल्या गेल्या, तेव्हा काही दुकानदार इथे आले. वरच्या मजल्यावर विनापरवाना वेश्याव्यवसाय चाले. १९५८ मध्ये वेश्याव्यवसायबंदी पूर्णपणे लागू झाली आणि त्याच खोल्यांत बार थाटले गेले. खोल्या एवढ्याशा का, याचं उत्तर इथेच सापडतं. पुढे लेखक, पत्रकार, नाटकवाले तिथे बसू लागले. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव भडकले, जागा बळकावण्यासाठी आगी लावल्याचा संशय होता. तेव्हा मालक आणि गिऱ्हाईक आळीपाळीने रात्री पहारा देत. दोनशेच्या वर बार त्यातून टिकले. कुठे जेमतेम सहा-सात माणसं मावतात, म्हणून बसण्याचे वेगळे पैसे घेतात. पाहुण्याला ती लूट वाटते. खरं तर एका पेल्यावर तासभर जागा अडवली तर मालकाने खायचं काय? काही बार ओळखीशिवाय आत घेत नाहीत, तर काहींच्या दारावर इंग्रजीत दर लिहिलेले असतात. हे दुसरे गाठावेत.

खरी लूट रस्त्यावरच्या दलालांची. ‘स्वस्तात प्या’ म्हणत वर घेऊन जातात आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात. शिंजुकू प्रभागाने २०१३ मध्ये त्यांच्याविरुद्ध नियम केला. काबुकिचोतल्या भोंग्यांवरून ‘दलालांच्या मागे जाऊ नका’ असं सांगितलं जातं, आणि दलाल त्याच भोंग्याखाली उभे राहून गिऱ्हाईक हेरतात.