तळहाताएवढं रबर

जेवणाच्या टेबलाला क्लॅम्पने आवळलेलं स्टिअरिंग, मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवलेली पेडल्स आणि समोर टीव्ही. भाच्याच्या घरी गेलो की हल्ली ताट मांडीवर घेऊन जेवावं लागतं. मी वीस वर्षं बोरघाट चढतो-उतरतो आहे, त्याचं अजून लायसन्स काढायचं वय झालेलं नाही. तरी शिकवतो तोच. "मामा, वळणात शिरल्यावर कसला ब्रेक मारतोस? आधी मार, मग सोडत सोडत वळव!" तोवर मी तिसऱ्यांदा गवतात गेलेलो असतो.

खेळ 'असेटो कोर्सा', रस्ता जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा जुना भाग, नॉर्डश्लाइफ. आयफेलच्या डोंगरातून जाणारी २०.८ किलोमीटरची एक फेरी. सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. फॉर्म्युला वनचा जुना शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट याने या ट्रॅकला 'हिरवा नरक' म्हटलं होतं. खेळात गोळीबार नाही, गोष्ट नाही, वाटेत उचलायची नाणी नाहीत. तरी माणसं याच रस्त्यावर शंभर-शंभर फेऱ्या मारतात आणि अर्धा सेकंद वाचला तर दोन दिवस खुशीत असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वेगाची हौस असेल. मला आधी तसंच वाटायचं. पण हौस टायरची आहे.

गाडीचं प्रत्येक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. असे चार तळहात, आणि टनभर वजनाच्या गाडीचं वेग घेणं, थांबणं, वळणं सगळं त्यांच्या भरवशावर. या रबराची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. सगळी ब्रेकवर उधळली तर वळायला काही उरत नाही. सगळी वळण्यात घातली आणि वर ब्रेक दाबला, तर गाडी सरळ गवतात. भाचा जे 'सोडत सोडत' म्हणतो ते हेच: ब्रेकचा खर्च कमी करत जायचं, तेवढीच पकड वळणाच्या खात्यात टाकत जायची. शिवाय ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर झुकतं, त्यांची पकड वाढते आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे पगार तर मोजका आहेच, तोही दर क्षणी चार चाकांत नव्याने वाटला जातो.

दुसरी गंमत अशी, की वळताना टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्या दिशेला तो नेमका जात नाही. टेकलेलं रबर पिळवटतं आणि चाकाची वाट काही अंशांनी तिरकी पडते. हा तिरकेपणा वाढत जातो तशी पकडही वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. मर्यादा ओलांडली की पकड उतरणीला लागते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातले हान्स पासेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या चढ-उताराचं एक सूत्र मांडलं. ते मूळ नियमांतून सिद्ध करत आणलेलं नाही, प्रत्यक्ष मोजमापांवर बेतलेलं आहे. पण ते टायरच्या वागण्याशी इतकं छान जुळतं, की त्याला 'मॅजिक फॉर्म्युला' असंच नाव पडलं. गाड्यांच्या कारखान्यांपासून रेसिंगच्या खेळांपर्यंत ते आणि त्याची भावंडं वापरात आहेत. १९८२ च्या 'पोल पोझिशन' या रेसिंगच्या खेळात वळण म्हणजे एका बाजूला सरकणारं चित्र होतं. आताच्या खेळात वळण म्हणजे चार टायरांचा हिशेब, आणि 'असेटो कोर्सा' तो सेकंदाला ३३३ वेळा करतो.

हा हिशेब हाताला कळतो, ही मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ऑफिसातल्या खुर्चीचं चाक आठवा. ते ज्या खिळ्यावर फिरतं त्याच्या थोडं मागे जमिनीला टेकतं, म्हणून खुर्ची ढकलली की आपोआप सरळ होतं. वळणाऱ्या टायरमध्येही बाजूचं बळ मधोमध लागत नाही, जरा मागे लागतं, आणि चाक सरळ व्हायला बघतं. स्टिअरिंग हाताला जड लागतं त्यात याचा मोठा वाटा असतो. आता टायर मर्यादेकडे जाऊ लागला की टेकलेल्या भागाचा मागचा हिस्सा आधी घसरायला लागतो, बळ मध्याकडे सरकतं आणि सरळ करणारा जोर कमी होतो. पकड अजून पूर्ण शिखरावर पोचलेलीही नसते, तोच स्टिअरिंग हलकं पडायला लागतं. टायर सुटण्याआधी असा निरोप धाडतो! टेबलावरच्या स्टिअरिंगमधली मोटर हेच बळ हिशेबाने काढून हाताशी झटापट करते. सुरुवातीला नुसती थरथर वाटते. आठवडाभराने त्या थरथरीत शब्द ऐकू यायला लागतात.

रस्ताही खोटा नाही. हा ट्रॅक लेझरने मोजून खेळात उतरवलाय. 'कारुसेल' नावाच्या वळणाच्या आतल्या बाजूला काँक्रीटच्या लाद्यांची तिरपी पट्टी आहे. तिथे गाडी घातली की लाद्यांचे सांधे एकेक करून मनगटात वाजतात आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या सरकायला लागतो.

एवढं असूनही या खेळात एक मोठी लबाडी आहे. अंगाला धक्का बसतच नाही. फॉर्म्युला वनची गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा चालकाच्या अंगावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो, आपण मात्र डायनिंगच्या खुर्चीत. तरी वळणात मान कलते. स्टेशनात शेजारची लोकल सुटली की क्षणभर आपलीच सुटल्यासारखं वाटतं ना, तोच प्रकार. डोळ्यांपुढून दृश्य वाहायला लागलं की मेंदू ते आपल्या हलण्याच्या खात्यात जमा करतो. कान मात्र साक्ष देत नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, बाबा, तू बसलेला आहेस. या भांडणात काही जणांना मळमळतं. एसटीत पुस्तक वाचताना होतं त्याच्या बरोबर उलट: तिथे कान हलतो आणि डोळा थांबलेला असतो.

या कानालाही फसवता येतं. पुढे वेग घेणं आणि मागे कलणं यांतला फरक त्याला एकट्याला ओळखता येत नाही. म्हणून हलत्या बैठकीचे महागडे सिम्युलेटर खुर्ची अगदी हळूच मागे कलवतात, आणि पडद्यावर रस्ता धावत असला की मेंदू समजतो, गाडी सुसाट सुटली. वैमानिकांच्या प्रशिक्षणातही हीच युक्ती आहे.

नवशिक्या आणि सरावलेला यांत आणखी एक फरक असतो, नजरेचा. १९९४ मध्ये मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की वळणदार रस्त्यावर चालक बराचसा वेळ वळणाची आतली कड जिथे सर्वांत पुढे आलेली दिसते, त्या बिंदूकडे बघतात. मी बॉनेटसमोर बघत होतो. भाच्याने हनुवटी धरून माझी मान वळवली, तेव्हा कुठे सुधारलो.

मग शंभर फेऱ्यांचं वेड कुठून येतं? आपला मेंदू प्रत्येक हालचालीआधी अंदाज बांधतो आणि नंतर तो ताडून पाहतो. अंदाजापेक्षा बरं घडलं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी चेकाळतात. या खेळात तेच वळण पुन्हा पुन्हा येतं आणि चूक झाली की ती अर्ध्या सेकंदात कळते. खऱ्या रस्त्यावर टायरची मर्यादा शोधायची तर किंमत मोजावी लागते. १९७६ मध्ये याच ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा जळत्या गाडीत अडकला होता. तो सहा आठवड्यांत शर्यतीला परतला, फॉर्म्युला वन मात्र नॉर्डश्लाइफला पुन्हा कधी आली नाही. आमच्या टेबलावर एक बटण दाबलं की गाडी कोरी करकरीत. भीती वजा झाली की खरं शिकणं उरेल का, ही शंका रास्त आहे. पण स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ 'ग्रान तुरिस्मो' या रेसिंगच्या खेळाची २००८ ची स्पर्धा जिंकून खऱ्या गाडीत बसला आणि २०११ मध्ये ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला. या 'ग्रान तुरिस्मो'च्या १९९७ च्या पहिल्या खेळातच शर्यतीआधी लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागायच्या. आरटीओच्या मैदानातला आठचा आकडा मला त्यापेक्षा सोपा गेला होता.

माझी आतापर्यंतची सर्वांत चांगली फेरी ९ मिनिटं ५८ सेकंदांची. ती 'घोस्ट' म्हणून साठवलेली आहे, म्हणजे माझीच एक पारदर्शक गाडी माझ्यापुढे पळत असते. परवा रात्री बेर्गवेर्कच्या उजव्या वळणात स्टिअरिंग हलकं पडतंय हे मला पहिल्यांदा वेळेवर कळलं. हात सैल केले, टायरने पुन्हा धरलं आणि मी त्या भुताच्या शेजारी आलो. तेवढ्यात ताई आमटीचं पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, टेबल रिकामं करा.