डोळ्यांतलं पाणी आणि त्यातले क्षार
कुत्रा-मांजर, गाय-बैल पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डोळ्याच्या ड्रॉप्सच्या खोक्यावर हल्ली 'इलेक्ट्रोलाइट' हा शब्द ठळक छापलेला असतो. तो वाचून काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : जुलाबात पाजतो तीच पावडर का ही? दुसरा : मग घरचंच मीठ-पाणी घातलं तर काय बिघडलं? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या उत्तर देताना अर्धंच सांगून होतं. म्हणून हे पत्रक. औषधाच्या बिलासोबत घरी न्या, सवडीने वाचा.

इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार : सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम. रक्तात हेच असतात आणि अश्रूंतही हेच. फरक प्रमाणाचा. रक्ताच्या पाण्यात लिटरमागे पोटॅशियम ४ ते ५ मिलीमोल असतं. अश्रूंत ते त्याच्या कितीतरी पट. सोडियम मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं. म्हणजे अश्रू हे नुसतं गाळून आलेलं रक्ताचं पाणी नव्हे. अश्रुग्रंथी ते मापून-जोखून तयार करते. कुत्रा, गाय आणि घोडा यांच्या अश्रूंचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप) साधारण ८ च्या आसपास असतो, आपल्या अश्रूंचा ७.४ च्या. त्यामुळे 'माणसाला चालतं ते जनावराला चालतंच' असं डोळे झाकून धरून चालू नका.

अश्रूंचा थर तिहेरी असतो. वर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल, मध्ये क्षारांचं पाणी, आणि खाली डोळ्याच्या पृष्ठभागाला धरून राहणारा चिकट थर, म्हणजे म्युसिन. तेल कमी पडलं की पाणी भरभर उडून जातं. म्युसिन कमी पडलं की पाणी कितीही असो, ते बुबुळावर टिकत नाही, ओघळून जातं. म्हणून गालावर पाण्याची धार दिसते आहे आणि तरीही डोळा आतून कोरडा आहे, असं होऊ शकतं. हे ग्राहकांना पटवताना आमचा बराच वेळ जातो.

आता क्षारांचं काम. अश्रू कमी तयार झाले किंवा लवकर उडाले की पाणी जातं, क्षार मागे राहतात आणि उरलेला थर खारट होत जातो. कैरीला मीठ चोळून ठेवलं की तिला पाणी सुटतं, तसंच बुबुळावरच्या पेशींचं होतं : बाहेरचा खारटपणा त्यांच्यातलं पाणी ओढून घेतो. पेशी आक्रसतात, तिथे दाह सुरू होतो, आणि त्या दाहात म्युसिन तयार करणाऱ्या गॉब्लेट पेशीच मरू लागतात. म्युसिन घटलं की थर आणखी लवकर फाटतो, पाणी आणखी उडतं, खारटपणा आणखी वाढतो. कोरड्या डोळ्याचं दुखणं एकदा लागलं की आपोआप बरं होत नाही, ते या फेऱ्यामुळे.

नुसता खारटपणा कमी केला की भागलं, असंही नाही. कोणता क्षार किती, यालाही महत्त्व आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत जेफ्री गिलबार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोरड्या डोळ्यांच्या सशांवर अश्रूंतल्या क्षारांशी जुळणारं मिश्रण वापरून पाहिलं. सशांच्या डोळ्यांत गॉब्लेट पेशींची दाटी वाढली आणि कॉर्नियातला, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यातला, ग्लायकोजेनचा, म्हणजे पेशींतल्या राखीव साखरेचा, साठाही वाढला. आजच्या चांगल्या ड्रॉप्सच्या लेबलवर बारीक अक्षरांत पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड अशी नावं दिसतात, त्यामागचा विचार हाच.

अश्रूंची प्रत तपासायची एक पद्धत बघण्यासारखी आहे. अश्रूंचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, साध्या हवेत वाळू द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. थेंब निरोगी असेल तर क्षारांचे स्फटिक नेच्याच्या पानांसारखे फांद्या फोडत सगळीकडे दाट पसरलेले दिसतात. क्षार आणि म्युसिन यांचा मेळ बिघडलेला असेल तर पानं खुरटी, तुटक, मध्ये मोकळ्या जागा. फारच बिघडलेलं असेल तर पान उमटतच नाही. इटलीच्या मॉरिझिओ रोलांडो यांनी १९८४ मध्ये या नक्ष्यांचे चार प्रकार ठरवले, ते आजही वापरात आहेत. माणसासाठी बसवलेली ही चाचणी पुढे कुत्रे, घोडे, एवढंच काय, उंटांच्या अश्रूंवरही झाली. २०२० मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या पशुवैद्यांनी मकाव पोपट, घुबड, ससाणा, कासव आणि केमन मगर यांचे अश्रू तपासले. क्षारांचं प्रमाण माणसाच्या बरंच जवळ निघालं, पण वाळलेल्या थेंबातली नक्षी मात्र प्राण्यागणिक वेगळी होती.

कासवांचा विषय निघालाच आहे तर : वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली ऑलिव्ह रिडले मादी 'रडते' असं सांगतात. ते रडणं नव्हे. समुद्री कासवाच्या डोळ्यामागे मिठाची ग्रंथी असते आणि ती समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट द्रव बाहेर टाकते. पोटात गेलेलं जादा मीठ काढून टाकायची ती सोय आहे. तिच्या डोळ्याला तो खारटपणा सोसतो. तुमच्या पगला सोसणार नाही.

घरच्या मिठाच्या पाण्याबद्दल

डोळ्याला सोसणारं मीठ-पाणी म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. चमच्याने हे माप साधत नाही. एका घरातला चमचा पाच ग्रॅमचा, दुसऱ्या घरातला सपाट भरला तरी सातचा. थोडं जास्त झालं की वर सांगितलेला फेरा आपणच सुरू करून देतो, आणि पाणी निर्जंतुक नसतं ते वेगळंच. गावाकडे बैलाच्या डोळ्यात फूल पडलं की मीठ किंवा चावलेला तंबाखू मारायची रीत अजून आहे. कॉर्नियावर जखम असेल, आणि फूल पडलेल्या डोळ्यात ती बहुतेक वेळा असतेच, तर या उपायाने डोळा जाऊ शकतो. इथे आम्ही कुणाचीही भीड ठेवत नाही : हे करू नका.

जुलाबाची पावडरही डोळ्यात घालायची नाही. तिच्यात क्षारांबरोबर ग्लुकोज असतं आणि ती आतड्यासाठी बनवलेली आहे. पाजायला मात्र ती मोलाची. हगवण लागलेल्या वासराचे डोळे खोल गेले आणि पापणी व डोळा यांच्यात फट दिसू लागली, तर शरीरातलं पाणी बरंच गेलंय असं समजा आणि डॉक्टरांना बोलवा. तिथे इलेक्ट्रोलाइट पोटात किंवा शिरेतून द्यावं लागतं. डोळ्यात थेंब टाकून काही होणार नाही.

तिसरा प्रकार आम्हाला जास्त सतावतो, तो उरलेल्या बाटल्यांचा. गाईला चढवलेल्या सलाईनची अर्धी बाटली गोठ्याच्या कोनाड्यात पडलेली असते, डोळा धुवायला तीच घेतली जाते. बाटलीवरचं नाव आधी वाचा. नुसतं सोडियम क्लोराइड ०.९ टक्के असेल, सील नुकतंच फोडलेलं असेल, तर डोळ्यातली घाण धुवायला ते योग्य आहे. डेक्स्ट्रोज लिहिलं असेल तर ती साखर आहे. व्यायल्यावर गाईला चढवतात ती कॅल्शियमची बाटली असेल तर तिचा डोळ्याशी काहीही संबंध नाही. आणि सील फोडून चोवीस तास उलटले असतील तर बाटलीत काहीही असो, ती टाकून द्या.

साधं सलाईनसुद्धा धुण्यापुरतंच. दिवसातून चारदा सलाईन घालून कोरडा डोळा ओला ठेवू म्हणाल, तर त्याबरोबर उरलंसुरलं तेल आणि म्युसिनही वाहून जातं. त्यासाठी कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले ड्रॉप्स लागतात. ते पृष्ठभागाला धरून राहतात.

ड्रॉप्स विकत घेण्याआधी

कोरड्या डोळ्याचं सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे पिवळट-हिरवट, तार सुटणारा चिकट स्राव. तो पू वाटतो आणि अँटिबायोटिक ड्रॉप्सच्या बाटल्यांवर बाटल्या संपतात. थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. असा डोळा वारंवार येत असेल, त्यातून कुत्रा पग, शिह त्झू, ल्हासा, बुलडॉग किंवा कॉकर स्पॅनियल असेल, तर डॉक्टरांकडे 'शिर्मर टेस्ट करता का?' असं स्पष्ट विचारा. ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही चाचणी अजूनही सगळ्यात सोपी आहे. टीपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवतात, एक मिनिट धरतात आणि पट्टी किती भिजली ते मोजतात. कुत्र्यात १५ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक, १० च्या खाली म्हणजे शंका, ५ किंवा त्याहून कमी म्हणजे डोळा चांगलाच कोरडा. डोळ्यात आधी काही घातलं असेल तर आकडा खोटा येतो, म्हणून तपासणीला जाताना घरून ड्रॉप्स टाकून नेऊ नका.

कुत्र्यात या दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथीवर उलटणं. त्यावर डॉक्टर सायक्लोस्पोरिनचं मलम देतात. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते बहुधा जन्मभर चालू ठेवावं लागतं. आमच्याकडचे इलेक्ट्रोलाइटवाले ड्रॉप्स या मलमाची जागा घेत नाहीत; मलमाचा गुण येईपर्यंत आणि त्यानंतरही डोळ्याला आराम देतात, इतकंच. सल्फा गटातल्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यांनीही कुत्र्याचे अश्रू आटू शकतात. तिसऱ्या पापणीची ग्रंथी लालबुंद होऊन बाहेर आली, तर 'कापून टाका' म्हणू नका. अश्रूंचा मोठा वाटा ती ग्रंथी देते. ती आत बसवून घेतलेली बरी.

गाई-बैलांत डोळ्यातून पाणी वाहणं बहुतेकदा कोरडेपणाचं नसतं. माश्यांमुळे पसरणारी डोळ्यांची साथ, डोळ्यातले कृमी, वैरणीचं कुसळ, ही तिथली नेहमीची कारणं. त्यासाठी इलेक्ट्रोलाइट ड्रॉप्स मागितलेत तर आम्ही देणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवायला सांगू.

स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत. कॉर्नियावर जखम असताना ते घातले तर जखम वाढते, आणि जखम आहे की नाही हे काउंटरवरून कळत नाही.

बाटली निवडताना आणि वापरताना

दिवसातून चार-पाच वेळांहून जास्त ड्रॉप्स घालायचे असतील तर बेन्झाल्कोनियम क्लोराइड नसलेली बाटली मागा. हे टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन आहे. वारंवार गेलं तर तेच पेशींना त्रास देतं. कॉर्निया आधीच खरवडलेला असेल तर फॉस्फेट असलेले ड्रॉप्स टाळलेले बरे, कारण त्यावर कॅल्शियमची पांढरी पुटं धरू शकतात. लेबल वाचता आलं नाही तर आमच्याकडून वाचून घ्या.

घालण्याआधी वाळलेला स्राव सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढा, ओढून काढू नका. जनावराच्या मागच्या बाजूने हात आणा, वरची पापणी हलकेच उचला, एकच थेंब टाका. दुसरा थेंब बाहेरच ओघळतो. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. मलमही असेल तर आधी ड्रॉप्स, पाच-दहा मिनिटांनी मलम.

सील फोडल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा, खोक्यावर नको. खोकं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. बाटली किती दिवस चालते ते लेबलवर असतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. पुढच्या वेळी येताना जुनी बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन्ही आणा. सीलबंद बाटली बिल दाखवून बदलून मिळेल, फोडलेली परत घेतली जाणार नाही.