अनैच्छिक क्रिया

इच्छेची वाट न पाहता शरीराकडून आपोआप होणाऱ्या हालचाली व क्रिया. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, शिंक, उचकी, शहारा या साऱ्या त्यात मोडतात. बराचसा कारभार स्वायत्त चेतासंस्था (आपोआप काम करणाऱ्या नसांचे जाळे) आणि मस्तिष्कपुच्छ (मेंदूचा तळाचा भाग) सांभाळतात. तापल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो, तो हुकूम मात्र पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूतून सुटतो. चटका बसल्याचे मेंदूला मागाहून कळते.

श्वास थोडा वेळ रोखून धरता येतो, पण थंड पाण्यापुढे तेही चालत नाही. ऐन हिवाळ्यात पहाटे नाशिकच्या रामकुंडात एकदम बुडी मारली, तर श्वास जोरात आत ओढला जातो, धाप लागते, नाडी धावू लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसात जाऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी तर अशी बुडी टाळावीच. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेत शेकोटीभोवती बसलेल्यांना भरणारी हुडहुडी त्यामानाने उपकारकच: स्नायू भराभर आकुंचन पावतात आणि त्यातून ऊब तयार होते.

लासलगावच्या परिसरात कांद्याचे वेगळे वर्णन नको. अख्खा कांदा कितीही हाताळला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. सुरी फिरली की पेशी फुटतात, आतली विकरे (एन्झाइम) गंधकयुक्त द्रव्यांना भिडतात आणि झोंबणारा वायू सुटतो. बुबुळावरच्या चेता मेंदूला खबर देतात, अश्रुग्रंथी डोळा धुऊन काढतात. हा वायू घडवणारे खास विकर जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिले. कांदा आधी गार केल्यास विकरांचे काम मंदावते.

फिट, म्हणजे आकडी, हीदेखील अनैच्छिकच. पण ती संरक्षक नव्हे. मेंदूतील विद्युत संदेशांचा अचानक गोंधळ उडाल्याने ती येते. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची सवय गावोगाव आहे. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला मिळते! त्याचा काहीही उपयोग नाही. हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा वा पाणी घालू नये. आसपासच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड द्यावे, रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. झटका 5 मिनिटांहून अधिक चालला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर लगेच 108 वर फोन करावा.