आयजीई प्रतिपिंडांचे ऊतक-अभिरंजन

अधिहर्षतेस (ॲलर्जीस) कारणीभूत होणारी इम्युनोग्लोब्युलिन ई अर्थात आयजीई वर्गाची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) ऊतकाच्या पातळ छेदात नेमकी कोठे आहेत, हे खूण जोडलेल्या प्रति-आयजीई प्रतिपिंडाने दाखविण्याची पद्धत. रक्तद्रवात आयजीई अत्यल्प असते व सुमारे दोन दिवसांत निम्मे होते. मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची द्रव्ये सोडणाऱ्या ऊतकातील पेशींवर, बसलेले मात्र कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे रक्तचाचणीत न दिसणारे पुष्कळ काही ऊतकात सापडू शकते.

हे द्रव्य ऊतकाला चिकटते, हे त्याचे नाव पडण्यापूर्वीच ठाऊक होते. १९२१ मध्ये जर्मन संशोधक प्राउसनिट्झ यांनी, मासे न सोसणारे सहकारी क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशांचा अर्क टोचताच गांधी उठली. द्रव्याच्या शोधाचे श्रेय कोणी डेन्व्हरच्या इशिझाका दांपत्यास, तर कोणी उप्सालाच्या योहान्सन व बेनिक यांना देतात. १९६६-६७ च्या सुमाराची दोन्ही कामे परस्परपूरक असल्याने श्रेय विभागून देणे अधिक सयुक्तिक वाटते. आयजीई हे नाव १९६८ मध्ये ठरले.

कून्स यांनी १९४० च्या दशकारंभी पुढे आणलेल्या प्रतिदीप्त (विशिष्ट प्रकाशात चमकणाऱ्या) प्रतिपिंडांच्या तंत्राने टाडा व इशिझाका यांनी १९७० मध्ये आयजीई-निर्मात्या पेशी शोधल्या. त्या टॉन्सिल, ॲडिनॉइड, श्वसनमार्ग व आतडे यांच्या ऊतकांत आढळल्या. प्लीहेत मात्र विरळच.

पुढे पेरॉक्सिडेज या विकराची (एन्झाइमची) खूण रूढ झाली. डायअमिनोबेंझिडीन हे रंगद्रव्य देणारे रसायन घातल्यावर प्रतिपिंडाची जागा तपकिरी होते. येथे मोठा धोका इओसिनरागी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) असतो. अधिहर्षताग्रस्त ऊतकात त्या भरपूर असतात व त्यांच्यात स्वतःचेच पेरॉक्सिडेज असते, म्हणून आयजीई नसतानाही त्या रंगतात. यासाठी छेद आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवतात आणि प्रति-आयजीई न घातलेली दुसरी स्लाइड शेजारी तपासतात. ऊतक टिकविण्यासाठी वापरलेल्या फॉर्मॅलीनने झाकली गेलेली प्रतिजनस्थाने (प्रतिपिंड जेथे चिकटते त्या जागा) उष्णतेने किंवा पाचक विकराने उघडी करावी लागतात. पाचन जास्त झाले तर ऊतकच विरते.

तपकिरी रंग आयजीईची उपस्थिती सांगतो, उगम नव्हे. पेशीद्रव्य भरून रंगले असेल तर ती प्लाझ्मा पेशी, म्हणजे प्रतिपिंडांची निर्मातीच असण्याची शक्यता अधिक. कडेला वलय दिसल्यास ग्राहीवर (पेशीपृष्ठावरील आयजीई धरणाऱ्या रेणूवर) बसलेले आयजीई समजतात. मास्ट पेशींतील ट्रिप्टेज विकराचेही सोबत दुहेरी अभिरंजन केल्यास मास्ट पेशी ओळखू येतात. ॲटोपिक त्वचाशोथात (ॲलर्जीशी निगडित त्वचादाहात) लँगरहान्स पेशींवर, म्हणजे त्वचेतील प्रतिकारपेशींवर, आयजीई दिसल्याचे १९८६ मध्ये नोंदले गेले. त्या पेशी ते बनवीत नाहीत, धरून ठेवतात, हे मत १९९२ मध्ये त्यांच्यावर उच्च-आसक्ती (आयजीई घट्ट धरणारे) ग्राही आढळल्यावर बळकट झाले.