१९१८ च्या ब्रिटिश निवडणुकीतील ‘कूपन’: पात्रता, कागदपत्रे आणि नेहमीचे गैरसमज

१४ डिसेंबर १९१८ च्या ब्रिटिश निवडणुकीत गाजलेले ‘कूपन’ हे उमेदवारी अर्जासोबत जोडायचे कागदपत्र होते, अशी समजूत वारंवार आढळते; ती चुकीची आहे. कायद्याने लागत ते नामनिर्देशनपत्र, त्यावर सूचक, अनुमोदक व आणखी आठ मतदारांच्या सह्या, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने प्रथमच आलेली १५० पौंडांची अनामत. अर्जाचा दिवस होता ४ डिसेंबर.

कूपन म्हणजे पंतप्रधान लॉइड जॉर्ज आणि कॉन्झर्व्हेटिव्ह नेते बोनार लॉ यांच्या सह्यांचे, २० नोव्हेंबर ही तारीख असलेले छोटेसे पत्र. अमुक मतदारसंघात आपण संयुक्त सरकारचे (लॉइड जॉर्ज यांच्या गटाचे लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्या आघाडीचे) मान्य उमेदवार आहात, एवढाच त्याचा आशय होता. रेशनच्या त्या दिवसांत माजी पंतप्रधान आणि सरकारबाहेर राहिलेल्या लिबरलांचे नेते ॲस्क्विथ यांनी त्याला तुच्छतेने ‘कूपन’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. मतपत्रिकेवर तेव्हा पक्षाचे नाव छापत नसत, म्हणून हे पत्र मतदारांपुढे मांडण्याची जबाबदारी उमेदवारावरच होती.

खरी अडचण पात्रतेची होती. ९ मे १९१८ रोजी मॉरिस प्रकरणावरील (सैन्यबळाबाबत सरकारने संसदेची दिशाभूल केल्याच्या जनरल मॉरिस यांच्या आरोपावरील) मतदानात ९८ लिबरल खासदार सरकारविरुद्ध गेले होते, आणि तीच निष्ठेची कसोटी असल्याचे लॉइड जॉर्ज यांनी प्रचारात सांगितले. प्रत्यक्षात विरोधी मत देणाऱ्या काहींना पत्र मिळाले, तर न देणारे काही वंचित राहिले. कारण जागावाटप पक्षांच्या व्यवस्थापकांनी आधीच ठरवले होते: लिबरलांच्या बाजूने गेस्ट, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या बाजूने यंगर, आणि लॉइड जॉर्ज यांच्या लिबरलांसाठी सुमारे १५० जागा. ज्या निकषावर माणसाची राजकीय कारकीर्द तोलायची, तो असा बंद खोलीत ठरावा आणि बाहेर भलताच सांगितला जावा, हा उमेदवारांवर उघड अन्याय होता.

उमेदवारांची यादी वाचताना आणखी एक काळजी घ्यावी: पत्र नसलेला प्रत्येक उमेदवार सरकारविरोधी नव्हता. ईस्ट फाइफमध्ये ॲस्क्विथ यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्या कॉन्झर्व्हेटिव्ह स्प्रॉट यांच्याकडे कूपन नव्हते, तरी २८ डिसेंबरच्या मोजणीत तेच विजयी झाले. उलट, स्त्रियांना उमेदवारीचा हक्क देणारा कायदा २१ नोव्हेंबरला झाल्यावर स्मेदिकमध्ये स्त्री-मताधिकार चळवळीच्या नेत्या क्रिस्टाबेल पँखर्स्ट यांना सरकारचा पाठिंबा मिळाला, आणि त्या ७७५ मतांनी पराभूत झाल्या.