ग्रिलची किल्ली कुठे आहे?

सांगलीत पूर येतो तो सांगून. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. सामान वर चढवायला वेळ मिळतो. घराला आग लागली तर बाहेर पडायला कधी कधी दोनच मिनिटं मिळतात. फोमच्या गाद्या आणि प्लास्टिकचा धूर बघता बघता खोली भरतो, आणि ज्वाळांआधी तोच जीव घेतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला धुराच्या वासानं जाग येईलच असंही नाही. म्हणून झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्याबाहेर छताला धुराचा अलार्म हवा. महिन्यातून एकदा बटण दाबून तो तपासावा, दहा वर्षांनी बदलावा. स्वयंपाकघरात नको, फोडणीला तो सारखा वाजतो आणि मग कुणीतरी सेलच काढून ठेवतं.

आपल्याकडचा खरा घोर ग्रिलचा. गावभागातलं बोळातलं घर असो की साताऱ्याच्या पेठेतला लाकडी जिन्याचा वाडा, चोराच्या भीतीनं प्रत्येक खिडकी जखडलेली, दाराला आतून कुलूप. जिना एकच, त्याखाली रात्रभर चार्जिंगला लावलेली स्कूटर. ती आधी तिथून हलवा. मग एका तरी खिडकीच्या ग्रिलला बिजागरीचं दार करून घ्या: साधारण दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, म्हणजे थोराड माणूसही खांद्यासकट निघेल. बाहेर गॅलरी किंवा शेजारची गच्ची असेल तीच खिडकी निवडा. शक्यतो नुसती आतली कडी ठेवा. कुलूप हवंच असेल तर किल्ली तिथेच खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही पण घरातल्या पोराला पोचेल अशी. पावसाळा संपला की बिजागरीला तेल द्या, गंजलेली कडी ऐन वेळी दगा देते.

वर्षातून दोनदा, रात्री दिवे मालवून, सगळ्यांनी बाहेर पडून बघावं. गरम धूर छताशी साठतो, त्यातल्या त्यात बरी हवा जमिनीलगत असते. म्हणून रांगत जायचं. बंद दाराला आधी हाताची पालथी बाजू लावायची. गरम लागलं तर उघडायचं नाही, फटीत ओलं फडकं कोंबून खिडकी गाठायची. बाहेर पडताना आपल्यामागे दार ओढून घ्यायचं, बंद दार आगीची हवा तोडतं. आजीला कोण धरणार, तान्ह्याला कोण उचलणार, हे आजच ठरवा.

जमायची जागाही एकच: कोपऱ्यावरचं देऊळ, समोरचा पार. तिथे डोकी मोजा, मग 101 ला फोन. कुणी कमी असेल तर स्वतः आत शिरू नका. कोणत्या खोलीत आहे ते जवानांना सांगा.